तलावाच्या राखणदाराला मारायचा बेत

ती. सौ. चंद्रकांताबाईस,

धाकट्या उमरावचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार सांग, पण हे पत्र त्यांच्या हाती एकदम देऊ नकोस. आधी तू पूर्ण वाच, मग त्यांना किती सांगायचं ते ठरव. तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरनं सांगितलेले व्यायाम करतेस की पलंगावर बसून नुसतं मनात करतेस? साखर या वेळी किती निघाली? आमच्याकडे सर्व ठीक आहे असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहितो. कितपत ठीक ते पुढं वाचून तूच समज.

फोन असताना पत्र काऊन लिहून राहिला, असं तुझ्या मनात आलं असेल. बाई, फोन ऐकतो. मागच्या महिन्यात मी रुख्माजवळ फक्त एवढंच म्हटलं की डोक्यावर आता केस राहिले नाहीत, तर दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनमध्ये तेलाच्या जाहिराती सुरू. मी दुसऱ्या कोणाला बोललो नव्हतो. रुख्माही बोलली नव्हती (तिला दोनदा विचारलं, दुसऱ्यांदा ती रागावली). शिवाय माझा फोन अंजूनंच चालू करून दिलेला आहे, त्याचा आकडा तिला ठाऊक आहे, आणि हे पत्र अंजूबद्दलच आहे. आपल्या गावच्या डाकपेटीतही मी ते टाकणार नाही. डाक वाटतो प्रफुल, आणि प्रफुल या प्रकरणातला दुसऱ्या नंबरचा इसम आहे. म्हणून उद्या एसटीनं अर्जुनीला जाऊन तिथल्या पेटीत टाकतो. रुख्माला सांगितलं आहे की फवारणीच्या पंपाचं वायसर आणायला चाललो. वायसरही आणीन, म्हणजे खोटं होणार नाही.

तर गोष्ट अशी. आमची अंजू पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करते, याला आता दोन वर्षं होतील. काम नेमकं काय ते मला अजून समजलेलं नाही. दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टीत चुका काढायच्या, असं ती सांगते, आणि त्याचा पगार मिळतो. (आपल्या काकूनं हे काम जन्मभर फुकट केलं.) पोरगी दिवसभर माडीवर कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलते, जेवायला खाली येते, मला विचारते, "बाबा, गोळी घेतली का?" मी म्हणतो, घेतली. एवढं आमचं दिवसाचं बोलणं. त्यात मला कधी काही कमी वाटलं नाही. तू लाखांदूरची सोयरीक सुचवलीस, मुलगा इंजिनिअर, नागपुरात स्वतःचा फ्लॅट, घर आपल्याच कोहळी समाजातलं, शेती तलावाखालची. मी हो म्हटलं. अंजूला रुख्मानं सांगितलं. अंजू "बरं" म्हणाली आणि पुन्हा माडीवर गेली. मला वाटलं, झालं.

दिवाळीनंतर दर रविवारी दुपारी धान ठेवायच्या खोलीत बैठक भरायला लागली. अंजू, डाकवाला प्रफुल आणि मंजू. मंजू म्हणजे आपल्या गावची आशाताई, जिनं अर्ध्या गावाच्या लेकरांना डोस पाजले ती. तिघं दार लोटून घेत. दोनला बसले की सहाला उठत. रुख्मा मधात लाखोरीच्या डाळीचे वडे नेऊन देई आणि रिकामं ताट घेऊन येई, चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं की आत चालते काय. तर म्हणे, खेळतात. तीस वर्षांच्या आसपासची तीन कमावती माणसं चार-चार तास दार लावून कोणता खेळ खेळतील? पत्ते असते तर पत्ते आपटल्याचा आवाज येतो. कॅरम असता तर सोंगट्या वाजल्या असत्या. इथं मधूनमधून काहीतरी लाकडावर गडगडे, मग एकदम शांतता, मग मंजू म्हणे, "मेला." आणि सगळे हसत.

बाई, मी संशयी माणूस नाही. पण शेतातल्या बांधाला उंदरानं बीळ पाडलं की पाणी झिरपायच्या आधी ज्याला दिसते, त्याला लोक संशयी म्हणतात. सोमवारी अंजू कामात असताना मी खोलीत गेलो. धानाच्या पोत्याखाली (पोत्याखाली! सरळ हेतूचा माणूस पोत्याखाली ठेवतो का?) एक पुठ्ठ्याची पेटी. तिच्यात फासे. आपल्या चौसराचे नाहीत. एक चार तोंडांचा, टोकदार, अनवाणी पाय पडला तर रक्त काढेल असा. एक आठ तोंडांचा. आणि एक चांगला आवळ्याएवढा, वीस तोंडांचा, प्रत्येक तोंडावर आकडा. बाई, वीस तोंडं! माणसाला एक तोंड आहे तर ते सांभाळता येत नाही. त्याखाली तीन कागद. पहिल्यावर अंजूच्या अक्षरात: प्रफुल, मांत्रिक, वय एकशे नव्वद. दुसऱ्यावर: मंजू, चोर, कुलूप उघडण्यात प्रवीण, विषाची जाणकार. तिसऱ्यावर एक मोठा नकाशा, त्यात एक गुहा, गुहेत लाल फुली.

मी कागद जसे होते तसे ठेवले आणि थेट दुलीचंदकडे गेलो. शेजारचा दुलीचंद तुला आठवतो. सरपंचकीला तीनदा उभा राहिला आणि तीनदा पडला, तेव्हापासून गावातल्या सगळ्या गोष्टींची माहिती ठेवतो. त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, गुप्तधन. मांत्रिक आहे, चोर आहे, गुहा आहे, आणखी पुरावा काय पाहिजे. माघ लागला आहे, कचारगडची जत्रा तोंडावर आली आहे, गर्दीत कोण कोणत्या गुहेत शिरलं ते कोण पाहते, असंही म्हणाला. माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती गोंड भावांच्या देवांची जागा. तिथं आपली पोरगी कुदळ घेऊन सापडली तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, पोलीस केस होईल ती वेगळी, आणि लाखांदूरवाल्यांना कळलं तर तुझीही मान खाली. खरं सांगतो, त्या दिवशी पहिल्यांदा मला नुसता संशय नाही, भीती वाटली. लहान होती तेव्हा ही पोरगी तलावाच्या पाळीवरून एकटी पळत जायची आणि मी मागून हाका मारायचो, तसं झालं.

पुढच्या रविवारी मी खोलीच्या मागच्या झरोक्याजवळ तुरीच्या काड्यांचा भारा सोडून पुन्हा बांधत बसलो. (तो भारा मी त्या दुपारी सहा वेळा बांधला.) आधी बराच वेळ काही समजलं नाही. मग प्रफुलचा आवाज आला. म्हणे, म्हातारा वाटेत अडून बसला आहे, त्याला बाजूला केल्याशिवाय काही पुढं सरकत नाही. मंजू म्हणाली, विषानं करू, आवाज होत नाही. मी काड्या खाली ठेवल्या. तेवढ्यात आमची अंजू बोलली. शब्दाला शब्द लिहितो: "म्हातारा मनानं वाईट नाही. भोळा आहे. फक्त कोणाचं ऐकत नाही, अन् सगळ्याईवर संशय घेते."

त्या खोलीच्या आसपास अडून बसलेला, कोणाचं न ऐकणारा म्हातारा दुसरा कोणी नाही, बाई. मला मारणार याचं दुःख झालं. पण भोळा म्हटल्याचं जास्त झालं.

तेव्हापासून आठवडाभर मी रुख्मानं आधी घोट घेतल्याशिवाय चहा प्यायलो नाही. कप तिच्या पुढं करायचो, म्हणायचो, तू आधी. रुख्माला पहिल्या दिवशी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी ती लाजली. तिसऱ्या दिवशी तिनं नवं लुगडं नेसलं आणि शेजारी दोघीतिघींना सांगितलं की या वयात माणूस सुधरते. हे सगळं मला दुलीचंदच्या बायकोकडून कळलं. आता तिला खरं कारण कसं सांगायचं, हा एक नवाच घोर लागला आहे. अजून सांगितलेलं नाही. अजूनही मी म्हणतो, तू आधी.

त्यानंतरच्या रविवारी दुलीचंदला सोबत घेतलं. तो पुरावा म्हणून फोनवर आवाज भरणार होता. (नंतर ऐकलं तर त्यात पाऊण तास त्याचाच श्वास आहे, आणि एकदा शिंक.) आत मंजू म्हणाली, आता पाळीखालून भुयार आहे, त्यातून शिरू. दुलीचंदला भुयार हा शब्द सहन झाला नाही. त्यानं दार ढकललं, मी त्याच्या मागं. आत तिघं चटईवर, मधात नकाशा, त्यावर बटणं, चिंचोके आणि लाखोरीचे वडे. दुलीचंदनं दरडावून विचारलं, "खजिना कोठं आहे?" प्रफुल बिचारा खेळात बुडालेला. तो म्हणाला, "तलावाच्या तळाशी असंल, काका. अजून पक्कं नाही." यावर दुलीचंदनं चपला काढल्या आणि मांडी घालून बसला. इतका वेळ पाठीशी असलेला माणूस असा अर्ध्या वाक्यात फितूर झालेला मी दुसरा पाहिला नाही.

अंजूनं माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं, कोणाला विष देऊन राहिले? तिला पहिल्यांदा कळेना. कळलं तेव्हा ती हसली नाही. मंजू हसली, पदरात तोंड घालून. मग अंजूनं समजावून सांगितलं. हा एक खेळ आहे, यात प्रत्येकानं एक माणूस व्हायचं आणि त्या माणसासारखं बोलायचं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला ती सूत्रधार म्हणते (इथं सूत्रधार तीच). तुम्हाला भिंत चढायची आहे तर म्हणायचं, मी चढतो, आणि फासा टाकायचा. जास्त आकडा पडला तर चढलात, कमी पडला तर कंबर मोडली. पुण्यात तिच्या कंपनीतली पोरं खेळायची, त्यात इंग्रजी राजे आणि आग ओकणारे साप असायचे. इथं तिनं स्वतः गोष्ट रचली: एक गाव, एक जुना तलाव, तलावाखाली गाडलेलं काहीतरी, आणि तलावाचा एक म्हातारा राखणदार. मी म्हटलं, म्हणजे मी. ती म्हणाली, "नाही बाबा. थोडासा."

मी तिथून उठून जाणारच होतो. पण नकाशावर नजर गेली. बाई, तिनं सलंग पाळीच्या मधोमध काढली होती! जास्तीचं पाणी जायची वाट, ती पाळीच्या पोटात? आणि तुडुम, ज्यातून धानाला पाणी सोडायचं, ते उंच अंगाला. आपल्या आजा-पणजानं या भागात तलाव बांधले, आणि त्यांच्या पणतीनं कागदावर का होईना असा तलाव काढावा जो पहिल्याच मोठ्या पाण्यात फुटेल! मी म्हटलं, हे गाव तुमच्या मांत्रिकानं बुडवायची गरज नाही, आपोआपच बुडते. अंजूनं पेन्सिल माझ्या हातात दिली. मी खाली बसलो, फक्त दाखवण्यापुरता. पावसाच्या पाण्याचा येवा कोणत्या बाजूनं येतो, पाळ कोठं वाकवायची, सलंग खडकावर काऊन पाहिजे, हे सांगता सांगता अंधार पडायला आला. अंजू सगळं लिहून घेत होती. अठ्ठावीस वर्षांत या पोरीनं माझं बोलणं लिहून घेतलं नव्हतं.

मग तिनं म्हटलं की राखणदार तुम्हीच व्हा, नाहीतरी त्याच्याच सारखे भांडून राहिले. मी नाही म्हटलं. मग पुढच्या रविवारी सहज डोकावलो, तर माझा कागद तयार होता. ताकद नऊ, अनुभव सतरा, ऐकण्याची तयारी चार. (चारबद्दल मी हरकत घेतली. ती म्हणाली, पाहा, ऐकत नाही.) फाशावरही माझा विश्वास नव्हता. एक दिवस तो अंगणात नेऊन शंभर वेळा टाकला आणि आकडे लिहिले. सात आकडा नऊ वेळा पडतो. हे बरोबर नाही, यात काहीतरी आहे, पण कोण करते ते अजून सापडलं नाही. दुलीचंदला खेळात सरपंच व्हायचं होतं. अंजूनं फासा टाकायला लावला. तिथंही पडला. आता तो मांत्रिकाचं गाढव राखतो आणि ते काम त्यानं चांगलं धरलं आहे.

आता परवाच्या रविवारचं लिहितो. त्यासाठीच इतकी लांबण लावली, असं समज. खेळात वैशाखातले दिवस होते. गावाला पाणी पाहिजे होतं आणि राखणदार, म्हणजे मी, तुडुम उघडत नव्हतो. प्रफुलनं मंत्र टाकला, मी बधलो नाही. मंजूनं किल्ली चोरायचा प्रयत्न केला, फाशावर तीन पडले. तेव्हा अंजू म्हणाली की आता राखणदाराची पोरगी येते. गोष्टीतली इतर माणसं सूत्रधारानंच बोलायची असतात, म्हणून पोरगी अंजूच बोलली. मला वाटलं, पाणी मागेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ती नकाशाकडं पाहत म्हणाली, "बाबा, नदीपलीकडच्या घरी तुमी माही सोयरीक केली. गावात सगळ्याईले इचारलं. मले नाही इचारलं. मले या गावातून नाही जायचं."

मंजू वड्याचे तुकडे करत राहिली. मी म्हटलं, "हे खेळात कोठून आलं?"

"खेळात सगळंच येते," अंजू म्हणाली. "तुमचा डाव आहे. बोला."

मी फासा उचलला. कोणी टाक म्हटलं नव्हतं. अंजूनं माझ्या मुठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, "याले फासा नाही लागत, बाबा."

मी म्हटलं, बैलांना पाणी पाजायची वेळ झाली, पुढच्या रविवारी सांगतो. आणि उठलो. (बैल विकून दोन वर्षं झाली. कोणी काही बोललं नाही. दुलीचंदसुद्धा नाही.)

तेव्हापासून विचार करून राहिलो आहे. ती राखणदाराची पोरगी बोलली की माझी? खेळात बोललेलं धरायचं की सोडायचं? सकाळी जेवायला खाली आली, विचारलं, गोळी घेतली का. मी म्हटलं, घेतली. तिच्या चेहऱ्यावरून काही ओळखू येईना. वकिलाला जसं विचारतात तसं प्रफुलला आडून विचारलं, तर तो म्हणतो, काका, खेळातलं खेळातच राहते. मग हसतो काऊन?

एकूण माझं मत असं की हा खेळ चांगल्या घरात शिरू देण्यासारखा नाही. यात ना अंगाला व्यायाम, ना डोक्याला. तुझ्या नातवंडांना त्यापासून दूर ठेव. मी स्वतः जातो तो फक्त लक्ष ठेवायला. आपलं माणूस आत असलं की काय शिजते ते समजते. भाऊजींची तब्येत सांभाळ, तूही सांभाळ, गुडघ्यांना थंडी लागू देऊ नकोस. या वर्षी धान बरा झाला, तुझ्यासाठी पोहे कांडून ठेवले आहेत, येणाऱ्याबरोबर पाठवतो. लहानथोरांना ज्याचं त्याला नमस्कार-आशीर्वाद.

तुझा,
उमराव

ता. क. नागपुरात खेळण्यांच्या मोठ्या दुकानात वीस तोंडांचा फासा मिळतो म्हणतात. एक आणून ठेव. हिरवा असला तर बरा. मला खेळायला नाही, अंजूच्या फाशाशी ताडून पाहायला. सोबत दहा तोंडांचाही असला तर घे, कारण राखणदाराला काठी मिळाली आहे आणि तिला तो लागतो.

ता. क. दुसरा. वर हे लिहायला हात धजला नाही. लाखांदूरवाल्यांना नाही म्हणून कळव. कारण काहीही सांग, पत्रिका म्हण, माझा स्वभाव म्हण, तो त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. तू मध्ये पडलीस, तुला बोलणी बसतील, हे मला समजते. तुझ्यावर राग निघाला तर तो माझा समजून माझ्याकडं पाठव. मुलात खोट नाही. खोट माझ्या विचारण्यात आहे. अंजूला यातलं काही कळू देऊ नकोस. तिला मी रविवारी सांगणार आहे, राखणदाराच्या तोंडानं. माझ्या तोंडानं ते निघेल असं वाटत नाही.

ता. क. तिसरा. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. बाई, तुझं लग्न ठरलं तेव्हा बाबांनी तुला विचारलं होतं का? मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला फक्त पंगतीतली बुंदी आठवते.